गोव्यात मसाल्यांचा छोटा धंदा आहे, तो वाढवायचाय. उद्योग सल्ला केंद्रात जाऊन खरंच उपयोग होतो का, की नुसते फॉर्म भरून घेतात?

होतो. पण कर्ज मिळवून देणारं ऑफिस समजून गेलात तर होणार नाही. "नुसते फॉर्म भरून घेतात" हे माझा थोरला भाऊ इतक्यांदा म्हणालाय, की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमची वहिनी साखळीला कोकमाचं सरबत आणि आमसुलं करते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची, मग किनाऱ्याकडची दुकानं माल मागू लागली. दादाचं ठरलेलं: कर्ज काढायचं, बाटल्या भरायचं मशीन घ्यायचं. त्यासाठीच दोघं सल्ला केंद्रात, म्हणजे जिल्हा उद्योग केंद्रात गेली, सोबत मी. तिथल्या बाईंनी मशीनचं कोटेशन बाजूला सारलं आणि वहिनीला म्हणाल्या, "एका बाटलीला काय काय लागतं ते सांगा बघू." भिरंडं (कोकमाची फळं), साखर, बाटली, झाकण, लेबल, टेंपोचं भाडं. "आणि तुमची मजुरी?" वहिनी म्हणाली, "माझी कसली मजुरी? घरचंच काम ते." बाईंनी ऐकलं नाही. बिया काढायला किती वेळ, बाटल्या धुवायला किती, मदतीला येणाऱ्या शेजारणीला काय देता, सगळं लिहून घेतलं. दुकानदाराचं कमिशन वजा केल्यावर दिसलं, की लहान बाटलीमागे वहिनीच पदरचे पैसे घालत होती. मोठ्या बाटलीत थोडं सुटत होतं, आमसुलांत सगळ्यात जास्त. मशीन आलं असतं तर तोट्याचीच बाटली भराभर भरली असती.

दादा म्हणतो, हा हिशेब कोणीही करून दिला असता. मग केला का नाही कोणी? फाईल करून देणाऱ्या एजंटाने तर मजुरीचा रकानाच ठेवला नव्हता, त्याला कर्जाच्या रकमेवर टक्के हवे होते. वहिनीने लहान बाटली बंद केली, कर्ज न काढता धंदा वाढला.

उधारीचंही तिथेच कळलं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे दुकानदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हा २००६ चा कायदा आहे. वहिनीच्या बिलावर उद्यम क्रमांक छापल्यापासून दुकानदारांची टोलवाटोलवी थांबली. मात्र नोंदणीआधी दिलेल्या मालाला हे लागू नाही, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यालाही नाही. मसाले तुम्ही स्वतः दळत असाल तर नोंदणी आजच करा.

तुमचा धंदा चालू आहे, म्हणून पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेच्या मागे लागू नका, तिथलं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच. खाद्यपदार्थांच्या लहान उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे, ती अजून चालू आहे का ते विचारा: खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, तेही बँकेने कर्ज मंजूर केलं तरच.

गिऱ्हाईक मात्र कोणी शोधून देत नाही. शिवाय सगळं समोरच्या माणसावर अवलंबून. आमच्या बाईंची बदली झाल्यावर आलेल्या साहेबांना आमचं बोलणं ऐकायला वेळच नसायचा. तसं झालं तर जिल्हा उद्योग केंद्र सोडून मडगावच्या केंद्रीय एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कार्यालयात जा. एजंटाकडे जाऊ नका. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही, आणि त्याचेही हे लोक पैसे घेतात.