नव्याने व्यायाम सुरू करताना नाडीचे ठोके किती ठेवावेत?
नुसतं ‘२२० वजा वय’ (कमाल ठोक्यांचं प्रचलित सूत्र) धरू नका, त्यात विश्रांतीची नाडी येतच नाही. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पूर्ण मिनिटभर ठोके मोजा, तीन दिवसांची सरासरी घ्या. समजा वय ४०, नाडी ७०. कमाल ठोके २०८ − (०.७ × ४०) = १८० (अंदाजच, दहाएक इकडेतिकडे). १८० आणि ७० मधला फरक ११०, त्याचे ५० ते ६० टक्के ७० मध्ये मिळवले की १२५ ते १३६. सुरुवातीचं भरभर चालणं एवढ्यातच ठेवा.

थांबल्यावर मिनिटभर मोजत बसलात तर आकडा कमीच येणार, कारण नाडी लगेच उतरते. १५ सेकंद मोजून चौपट करा. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधं) घेत असाल तर हे गणित सोडा: बोलता येतंय पण गाता येत नाही, तो वेग धरा.