पडद्यावर बोट ठेव

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

मिथुन चक्रवर्तीचा ‘डिस्को डान्सर’ मला चांगला सिनेमा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू माझं मत शोधत वाचणार नाहीस. माझ्या मताचा तुला काही उपयोगही नाही. तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला खुपलं, म्हणून लिहायला बसलो. ‘काका, मला आवडत होता, पण सगळे हसायला लागले आणि मीही हसले. आता बोलू काय?’

तुमच्या ग्रुपमधलं भांडण समजलं. निम्म्यांचं म्हणणं, दादरला हॉल भाड्याने घेऊन हा कचरा दाखवायचाच कशाला. उरलेल्यांचं म्हणणं, इतका वाईट आहे की भारी आहे, शिट्ट्या मारायला मजा येईल. आणि खेळाआधीच्या भाषणाची पाच मिनिटं तुझ्या गळ्यात पडली, कारण तू कुणाच्याच बाजूने तोंड उघडलं नव्हतंस. पहिली बाजू निदान सरळ आहे. दुसरीचा मला राग येतो. ‘इतका वाईट की भारी’ म्हणणाऱ्याला सिनेमा आवडलेला असतो, पण का आवडला याचा हिशेब द्यायचा नसतो. हसला की सुटला. तू त्यांच्यात जाऊ नकोस. आवडलाय ना? मग आवडला म्हण आणि पडद्यावर बोट ठेवून दाखव. कुठल्या प्रसंगात, कुणाच्या हातात काय होतं, कॅमेरा कुणाकडे बघत होता, आवाज कुठे थांबला. चांगला-वाईट हे त्यानंतर. ते शब्द नाही उच्चारलेस तरी चालेल.

तू पाठवलेलं टिपण वाचलं. मेहनत दिसते. पण अगं, यात सिनेमा कुठे आहे? सोव्हिएत युनियनमध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिला, खरं आहे. त्यातलं ‘जिमी जिमी’ गाणं २००७ मध्ये एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेने नव्याने गायलं, तेही खरं. २०२२ मध्ये चीनमध्ये टाळेबंदीला विटलेल्या लोकांनी त्याच गाण्यावर रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ केले. २०२४ मध्ये मिथुनला दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला. सगळं खरं आणि यातलं काहीच पडद्यावर नाही. मॉस्कोतल्या माणसाला आवडला म्हणून समोर बसलेल्या मुलाने सिनेमाकडे वेगळ्या नजरेने का बघावं? त्याला तू काय दाखवणार आहेस, ते सांग.

समोरचेही तेच करतात. ‘मृगया’साठी पहिल्याच सिनेमात राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा नट इथे कंबर हलवतो, काय ही घसरण, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. ‘मृगया’ १९७६ चा. त्याचं इथे काय काम? या सिनेमात तो माणूस काय करतो ते बघ. शीर्षकगीतात त्याचं नाचणं मऊ नाही, वळणदार नाही. ठोका पडला की अंग झटकतो, थांबतो, समोर बघतो, पुन्हा झटकतो. क्लासला जाऊन शिकलेल्या मुलाचं हे नाचणं नव्हे. एकदा स्टेज मिळालंय, आता खाली उतरायचं नाही, असं ठरवून आलेल्या मुलाचं आहे. कुणाला ते ओबडधोबड वाटलं तर वाटू दे. पण त्यानेही त्याच ठोक्यावर बोट ठेवून सांगावं.

आता गिटार घे. अनिल, म्हणजे पुढचा जिमी, लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर राजेशकाकाबरोबर गातो. ओबेरॉय नावाच्या श्रीमंताच्या घरच्या गिटारवरून त्याच्यावर चोरीचा आळ येतो. आई तो आळ स्वतःवर घेते आणि तुरुंगात जाते. मुलगा मोठा होतो आणि गाण्याबजावण्याच्या जोरावरच नाव कमावतो. मग ओबेरॉयची माणसं त्याच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये करंट सोडतात, आणि ती गिटार मुलाच्या हाती लागायच्या आत आई धरते आणि मरते. त्यानंतर मुलाला गिटारकडे बघवत नाही. तुमच्या ग्रुपला सगळ्यात जास्त हसू इथे आलं, असं तू लिहिलंस.

तू का हसलीस, हे मी विचारत नाही. पुन्हा बघ, एवढंच म्हणतो. ज्या वस्तूपायी आई चोर ठरली, तीच मुलाला भाकरी देते आणि तीच आईचा जीव घेते. गरिबाच्या घरात वाद्य शिरलं की त्याची किंमत कोण मोजतं, हे एका गिटारमधून सांगितलंय, आणि पार शेवटच्या गाण्यापर्यंत तो धागा सुटत नाही. संवाद मोठे आहेत, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं, सगळं मान्य. तरी बांधणी पक्की आहे. बांधणी दाखवता येते. तिच्यावर बोट ठेवता येतं.

लेखन राही मासूम रझा यांचं. ‘आधा गाव’ लिहिणारे, पुढे ‘महाभारत’ मालिकेचे संवाद लिहिणारे. आई झालीय गीता सिद्धार्थ, ‘गर्म हवा’मधली. मॅनेजर डेव्हिड ब्राउन म्हणजे ओम पुरी, ज्यांचा ‘अर्धसत्य’ पुढच्याच वर्षी आला. हे वाचून तुझा जीव भांड्यात पडेल आणि ही नावं तू पहिल्याच ओळीत घालशील. घालू नकोस. नावं हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा ओम पुरी अनिलला पहिल्यांदा नाचताना बघतात तो चेहरा दाखव. समांतर सिनेमातला नट मसाला सिनेमात येऊन वरवरचं काम करून गेला, असं कुठे दिसतं का बघ. मला दिसलं नाही.

चाली उचललेल्या आहेत, हा आरोप मात्र खरा आहे आणि मी तो सौम्य करून सांगणार नाही. ‘कोई यहाँ नाचे नाचे’ची चाल बगल्स या इंग्लिश बँडच्या १९७९ च्या गाण्यावरून घेतलीय. दुसऱ्याची चाल ती दुसऱ्याचीच. पण ‘चोरी’ म्हणून विषय संपवणाऱ्याला विचार, दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकलीस का? तिकडचा तो पातळ, रेडिओतून आल्यासारखा आवाज आणि इकडे उषा उथुप यांचा भरदार, खर्जातला. चाल तीच आहे आणि गाणं दुसरंच झालंय. चाल घेतली हे सांग, काय बदललं तेही सांग. दोन्ही कानांनी ऐकता येतं.

आणि एक गोष्ट आपल्या मराठी माणसांना ठाऊकच नसते, याचं मला फार वाईट वाटतं. ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे नंदू भेंडे गायलेत. ‘तीन पैशाचा तमाशा’ नाटकातला अंकुश, नट आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मराठी घरातून आलेला रॉकचा तो आवाज संगीतकार बप्पी लाहिरींच्या त्या धबडग्यात कसा ताठ उभा राहतो, यावर मला लिहायचं होतं. तेव्हा मी एका साप्ताहिकाचं सिनेमाचं पान बघायचो. वरून फर्मान आलं, यापुढे प्रत्येक परीक्षणावर तारे द्यायचे, पाचपैकी किती ते. मी नाही म्हणालो. माझं पान काढून घेतलं, प्रुफांच्या टेबलावर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. तो लेख राहिला तो राहिलाच.

घरचे आजही म्हणतात, तीन तारे टाकले असते तर काय बिघडलं असतं? खूप बिघडलं असतं. तारे दिले की वाचक तारे वाचतो आणि पान उलटतो. लिहिणाराही बिघडतो. आधी तारे ठरवतो, मग त्यांना शोभेल असं लिहितो. हे मी शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बघितलंय. चांगली डोळस माणसं होती, हळूहळू त्यांना प्रसंग आठवेनासे झाले, आकडे तेवढे आठवत. माझ्या हट्टापायी घरात पगारवाढ आली नाही, हे खरं. लेकीच्या शिक्षणाच्या वेळी ते सगळ्यांना जाणवलं, मलाही. तरी आज कुणी तोच प्रश्न विचारला तर माझं उत्तर तेच राहील. तुमचा ग्रुप जे भांडतोय ना, कचरा की भारी, ते तारेच आहेत. तू तिसरा आकडा घेऊन त्यात पडू नकोस.

बोट ठेवायचं ते वाईटावरही ठेव. मला यात काय खटकतं ते सांगतो. नायिका रीटाचा अपमान, तिचा राग आणि मग प्रेम, हे सगळं दोन गाण्यांच्या मधल्या फटीत उरकलंय. ती कधी बदलली हे दाखवणारा एकही प्रसंग मला सापडत नाही. मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत. आणि सगळ्यात वाईट, सुरुवातीला सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजात ही दुनिया गोऱ्यांचीही नाही आणि काळ्यांचीही नाही, असं गाणारा सिनेमा शेवटच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आफ्रिकेचे नाचणारे आणतो आणि त्यांना नुसता पोशाख करून टाकतो. ते पाहून मला राग येतो. तोंडाने एक म्हणायचं आणि पडद्यावर दुसरं दाखवायचं. हे तू पाच मिनिटांत बोललीस तर कचरावाले गप्प बसतील, कारण त्यांनी स्वतः हे पाहिलेलं नाही.

सिनेमा १९८२ च्या डिसेंबरात आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते, आणि मी लालबागला चाळीत राहत होतो. पुढच्या गणपतीत कपाळाला चमकीची पट्टी बांधून नाचणारी पोरं आमच्या मंडपात होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे बाप वर्षभर कामावर गेले नव्हते. आईला चोर म्हणतात त्या प्रसंगाला ती पोरं हसत नसत. हे तुला सांगतोय ते मला तो प्रसंग असा का दिसतो, हे कळावं म्हणून. भाषणात वापरू नकोस. तो माझा पाहिलेला काळ आहे, तू त्यावर बोट कुठून ठेवणार?

शेवटी ‘जिमी जिमी’. तू त्याला ‘निव्वळ कॅची’ म्हटलंयस आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. पार्वती खान यांच्या आवाजातलं ते गाणं रीटा भरल्या स्टेजवर गाते. समोर लोक खवळलेत, आणि हा जिमी गिटारच्या भीतीने थिजलाय. ती हाका मारते आणि तो बराच वेळ काही म्हणजे काही करत नाही. नाचणाऱ्या नटाचा सिनेमा, त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, आणि त्यात तो नाचत नाही! दिग्दर्शक बब्बर सुभाष यांना इथे मिथुनला नाचवता आलं असतं, लोकांनी टाळ्याही पिटल्या असत्या. त्यांनी त्याला उभा ठेवला. मला वाटतं, हा या सिनेमातला सगळ्यात धीराचा निर्णय आहे. तुला वाटत असेल की गाणं लांबलंय आणि मिथुनचा चेहरा ते पेलत नाही. मग तसं लिही.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ये. ते गाणं लावू. तुला जिथे फसलेलं वाटेल तिथे तू थांबव, मला जिथे जमलेलं वाटतं तिथे मी थांबवतो. भाषण त्यानंतर लिहू, आत्ताचं टिपण बाजूला ठेव. येताना छबिलदासच्या गल्लीतून वडे आण, काकू चहा टाकेल.

तुझा,
काका

ता. क. पाच मिनिटं म्हणजे पाचच. घड्याळ लावून मोठ्याने म्हणून बघ.