दंड भरला, तरी लायसन्सवर नोटीस का?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातला ट्रकचालक. बारा वर्षं हेवी गाडी चालवतोय. मागच्या महिन्यात कारखान्यातून साखर भरून न्हावाशेव्याला निघालो होतो. महामार्गावर गाडी अडवली तेव्हा फोन माझ्या कानाला होता. मग गाडी काट्यावर घेतली, तर 28.5 टन पासिंगवर (गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन) 33.5 टन भरलं. जादा माल उतरवला, दोन्ही चालान मालकानं भरली. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं आणि पावती दिली. आता आरटीओची नोटीस आलीय की तुमचं लायसन्स निलंबित का करू नये. मालक म्हणतो, दंड भरलाय, पावती आहे, डिजिलॉकरला लायसन्स दिसतंय, चालव गाडी. घर माझ्या एकट्यावर आहे. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, गाडी उभी करा. आज, आत्ता. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही पावतीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावर निळ्या पेनानं कलम 206(4) लिहिलंय, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं. त्यातला तो 4 नीट बघा, सगळी गोम तिथंच आहे. जुन्या चालकांच्या डोक्यात बसलंय की पोलिसांची पावती म्हणजेच लायसन्स. ते चूक नव्हतं. कलम 206(3) ची पावती असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. 206(4) ची पावती मात्र फक्त लायसन्स जमा केल्याची पोच असते. लायसन्स परत हातात येईपर्यंत या पावतीवर गाडी चालवण्याचा अधिकार मिळत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. डिजिलॉकरचंही तेच. कार्ड जप्त असताना मोबाइलमधल्या प्रतीला वेगळा जीव नसतो, आणि निलंबनाची नोंद परिवहनच्या पोर्टलवर होते. ती तपासणाऱ्यालाही दिसते, उद्या तुम्हाला कामावर घेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही दिसते.

आता, दंड भरूनही नोटीस का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क, म्हणजे चालानचे पैसे, भरले की त्या गुन्ह्याचा खटला मिटतो. पण त्याच कलमात म्हटलंय की शुल्क भरलं म्हणून 206(4) खालची कारवाई टळत नाही. म्हणजे पैशाचा हिशेब वेगळा आणि लायसन्सचा वेगळा. मालकाच्या खिशातून गेलं ते चालान. नोटीस तुमच्या नावावर आहे, तिला उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

तुमच्या दोन चुका कायद्याच्या दोन वेगवेगळ्या वाटांनी आरटीओपर्यंत पोचल्यात. चालवताना हातात फोन धरणं हे कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यात मोडतं. तिथून लायसन्स 206(4) खाली जप्त होऊन आरटीओकडे जातं आणि कलम 19(1क) लागू होतं. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. 206(4) मध्ये लायसन्स जप्त करण्याच्या गुन्ह्यांची यादी आहे, ओव्हरलोड तिच्यात नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 21 मध्ये मालगाडीत जादा माल नेणं हे जनतेला धोका करणारं कृत्य धरलंय, त्यामुळं आरटीओ त्यासाठीही कलम 19 वापरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 सालीच राज्यांना सांगितलंय की ओव्हरलोड, मोबाइल, दारू, अतिवेग, सिग्नल तोडणं यांना किमान तीन महिने निलंबन द्या. त्यामुळं समोरचा अधिकारी मनानं कितीही नरम असला तरी त्याची पेन तीन महिन्यांकडेच वळते.

तरीही सुनावणी ही नुसती सही करण्याची जागा समजू नका. कायदा अधिकाऱ्याला सांगतो की चालकाचं म्हणणं ऐका, मग त्याला सोडा किंवा सविस्तर कारणं लिहून निलंबित करा. सोडण्याचा पर्याय कागदावर आहे आणि तो मागायचा असतो. गैरहजर राहिलात तर तो मागायला कोणीच नसतं. दरवर्षी माझ्याकडे असे चालक येतात ज्यांनी नोटीस टपावर ठेवून दिली आणि नंतर आदेश घेऊन धावत आले. फार वाईट वाटतं, कारण तोपर्यंत अर्धी लढाई गेलेली असते.

लेखी म्हणणं द्या, पण फोनबद्दल खोटं बोलू नका. फोन कानाला होता हे तुम्ही मलाच लिहिलंय. तिथं नाकारलंत आणि त्यांनी फोटो पुढं केला, की बाकीचं खरंही कोणी मानणार नाही. साधं लिहा : "फोन घेतला ही माझी चूक. बारा वर्षांत माझ्यावर यापूर्वी अशी कारवाई झालेली नाही." हे दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. आधीच्या चालानांची यादी त्यांच्या स्क्रीनवर असते.

ओव्हरलोडबद्दल मात्र तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि काट्याची पावती जोडा. माल कोणी भरला, किती भरायचा हे कोणी सांगितलं, ते लिहा. कलम 113(4) प्रमाणे चालक स्वतः मालक नसेल, तर जादा वजन मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं नेलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. यानं तुम्ही पूर्ण सुटत नाही, गाडी तुम्हीच चालवत होता. पण ओव्हरलोडसाठी किती दिवस निलंबित करायचं हे ठरवताना याचा विचार व्हावा असं मागता येतं. लायसन्स जप्त झाल्याच्या तारखेपासूनचे दिवस मुदतीत धरावेत, हीही विनंती करा.

आदेश विरोधात गेला तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आदेशाची प्रत मागून घ्या आणि मिळाल्याची तारीख स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. निलंबन संपल्यावर लायसन्स परत घेण्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची तरतूद आहे. ते कुठं करायचं हे त्याच कार्यालयात विचारा, म्हणजे तीन महिन्यांचे चार होणार नाहीत.

मालकाला माझा एक निरोप द्या. निलंबनात गाडी चालवली तर चालकाला कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर कलम 180. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. लायसन्स निलंबित असताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. एका दाव्यात ट्रकच्या किमतीपेक्षा मोठी रक्कम अंगावर येऊ शकते. हे ऐकल्यावर बहुतेक मालक पावतीचं नाव काढत नाहीत. त्यांना सांगा, तीन महिने मला भरणी-उतरणीच्या देखरेखीवर ठेवा, गाडीवर दुसरा चालक घाला.

सुनावणीला वेळेआधी पोचा. आणि तिथं मोटारसायकलवर जाऊ नका. दुचाकीही त्याच लायसन्सवर आहे, आणि ते त्यांच्याकडे जमा आहे. एसटीनं जा.