बॅटरी नवीन, तरी सेल्फ टकटक: जुन्या पिकअपवरची पत्रं

या वेळी जुन्या पिकअपबद्दलच इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, 'हे बदललं, तेही बदललं, पण प्रॉब्लेम तसाच'. म्हणून आधीच सांगतो, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब) जवळ ठेवा, खालचं बरंचसं काम तेवढ्यात होतं.

प्रश्न: दादा, डिझेल पिकअप आहे, बरीच जुनी. चावी फिरवली की सेल्फ नुसता टक करतो. पाच-सहा वेळा मारला की एकदम उचलतो आणि मग काहीच झालं नाही असं चालू होते. इंजिन गरम असलं की जास्त त्रास देते. बॅटरी नवीन टाकली, फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतोय सेल्फ बदला. बदलू का?

उत्तर: थांबा जरा. आधी आवाज नीट ऐका, कारण टकटकटकटक असा भराभर आवाज आणि एकच ठणठणीत टक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) ओढतोय, पण लोड आला की व्होल्टेज पडतंय म्हणून तो सुटतोय आणि परत ओढतोय, म्हणजे बॅटरी उतरलेली नाहीतर टर्मिनल सैल. तुमचा एकच टक आहे, म्हणजे बहुतेक सोलेनॉइड बसतोय पण मोटरला पुरेसा करंट पोचत नाही.

आता मोजा. मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच लावा, क्लॅम्पवर नको. गाडी काही तास उभी असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी निम्मीच भरलेली. मग गाडी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक ओढून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमलीय किंवा सेल्फ आतून जाम होऊन भरमसाठ करंट खातोय. पण टक वाजला आणि आकडा १२ च्या वरच राहिला तर बॅटरीला दोष देऊच नका, करंट वाटेत कुठेतरी अडकलाय.

कुठे अडकलाय ते शोधायला एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटाला आणि दुसरी थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडाला लावून सेल्फ मारा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग (मायनसची जोडणी) खराब. मग तसंच प्लस खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट, इथे ०.५ पर्यंत चालून जातं. मी पाहिलेल्या जुन्या पिकअपमध्ये दहापैकी सहा-सात वेळा गडबड मायनसच्या बाजूलाच निघाली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चेसिसपासून ते विजेच्या हिशोबाने तुटलेलंच असतं, जोडणारी ती एक जाळीची पट्टी, आणि तिच्या बोल्टखाली गंज आणि वर मारलेला रंग. माझ्या स्वतःच्या गाडीत तर सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल गरम व्हायची, आधी हसू आलं, मग लक्षात आलं की बिचारा करंट परत जायला रस्ता नाही म्हणून केबलमधून चाललाय! तुम्हीही हात लावून बघा, केबल कोमट लागली तर उत्तर सापडलं. बोल्ट काढा, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा, आणि ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर वरून.

दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या तर सोलेनॉइडची बारीक वायर बघा. सेल्फ मारताना तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज यायला हवं, बरंच कमी येत असेल तर इग्निशन स्विचचे पॉइंट जळलेत, मध्ये एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकला की स्विचवरचा भार जातो. तेही ठीक असेल तरच सेल्फ खाली उतरवा. आणि लक्षात घ्या, सेल्फला हलकेच लाकडी दांड्याने ठोकल्यावर तो फिरत असेल तर आतले ब्रश संपलेत, पूर्ण सेल्फ बदलायची गरज नाही. गरम असताना त्रास वाढतो कारण तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, आधीच काठावर असलेलं काम मग अडतं.

प्रश्न: ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद पेटतात आणि पार्किंग लाइट गायब. दोनदा वायरमन झाला, स्विच बदलला, फ्लॅशर बदलला. भूत आहे की काय.

उत्तर: भूतबीत काही नाही, मागच्या लाइटचं अर्थिंग तुटलंय. ब्रेकच्या बल्बमधून करंट आला, त्याला मायनसकडे जायची नेहमीची वाट सापडली नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा शिरून लांबच्या वाटेने जातो, म्हणून दोन बल्ब सिरीजमध्ये लागल्यासारखे मंद दिसतात. पिकअपला हे जास्त होतं कारण मागचा हौदा पुष्कळदा रबर किंवा लाकडाच्या तुकड्यांवर बसवलेला असतो, वर त्यात माल, पाणी, चिखल, लाइटमागचा स्क्रू कुजणारच. एक लांब वायर घ्या, बॅटरीच्या मायनसपासून थेट बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला लावा आणि ब्रेक दाबा. सगळं सुधारलं तर झालं, चेसिसवरून नवीन मायनस वायर ओढून दोन्ही बाजूंच्या लाइटना द्या, दहा मिनिटांचं काम.

नाही सुधारलं तर डबल फिलामेंटचा बल्ब काढून डोळ्यासमोर धरा, एक फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटलेला असतो कधीकधी, मग ब्रेक आणि पार्किंग एकमेकांत मिसळतात. आणि हो, पुढच्या वेळी वायरमनला पार्ट बदलायच्या आधी मीटर लावायला सांगा.

प्रश्न: सकाळी पहिल्यांदा खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, दिवसभर मग एका झटक्यात. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) गेले असं सगळे म्हणतात. पण फिल्टरवरचा हातपंप दहा-बारा वेळा मारला की सकाळीही लगेच चालू होते.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे आणि तुम्ही ते सहज लिहून टाकलंय. हातपंपाने चालू होते म्हणजे रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि लाइनमध्ये हवा शिरतेय. गंमत अशी की टाकी ते पंप ही बाजू ओढणारी असते, त्यामुळे तिथली गळती बाहेर टपकतेच असं नाही, हवा आत खेचली जाते आणि खाली जमीन कोरडी ठणठणीत. फिल्टरनंतरचा पाइप काढून तिथे तात्पुरता डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप लावा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर मागे मागे जात राहा: पंपाकडचे बँजो बोल्टचे (पोकळ, आतून डिझेल जाणाऱ्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर (एकदा काढले की नवीनच टाकायचे), फिल्टरचं रबर, हातपंपाचा स्वतःचा सील, टाकीवरचा भेगाळलेला रबरी पाइप. रात्री गाडी चढाकडे तोंड करून उभी केल्यावर त्रास वाढत असेल तर टाकी खाली जाते म्हणून.

हीटर प्लगचा प्रॉब्लेम असता तर थंडीत हातपंपाने काही झालं नसतं आणि पांढरा धूर सोडत अडखळत चालू झाली असती. तपासायचेच असतील तर वरची जोडपट्टी काढून एकेक प्लग वेगळा करा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या डोक्याला. लॅम्प लागला तर प्लग तुटलेला नाही. पट्टी न काढता बघितलं तर सगळे पॅरलल असतात, एक गेलेला कळणारच नाही.

प्रश्न: तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते. चार्जिंग १४.२ व्होल्ट दाखवतं.

उत्तर: चार्जिंग १३.८ ते १४.५ मध्ये आहे म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय, आता गळती शोधा. सगळं बंद करा, बॅटरीची मायनस केबल काढा आणि केबल व खुंट यांच्यामध्ये मीटर ॲम्पिअरवर लावा. जुन्या गाडीत ५० मिलिॲम्पिअरच्या आतच असायला हवं. साधा ५ वॉटचा एक बल्ब पेटता राहिला तर साधारण ०.४ ॲम्पिअर जातो, म्हणजे ६० ॲम्पिअर-तासाची बॅटरी सहा दिवसांत पूर्ण रिकामी आणि सेल्फ उचलायची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. आता एकेक फ्यूज काढा, ज्याच्यावर आकडा पडेल ते सर्किट. कुठलाच फ्यूज काढून पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला तर चार्जिंग ठीक दिसूनही रात्री तो बॅटरी पितो. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल, नाहीतर मीटरच.

प्रश्न: माल भरून घाट चढताना काटा लाल पट्टीत. सपाटीला नॉर्मल. थर्मोस्टॅट काढून टाकू का?

उत्तर: नको. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारा व्हॉल्व्ह) काढला की बाकी वेळ इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त खातं, आणि घाटात मूळ दोष तसाच. उभ्या गाडीत तापते आणि वेगात थंड होते तर फॅन, फॅनचा क्लच किंवा बेल्ट. तुमचं उलटं आहे, लोडवर तापतेय, म्हणजे बहुतेक रेडिएटर आतून चोंदलाय किंवा जाळीत बाहेरून माती बसलीय. खालचा होज रेस केल्यावर चपटा होतो का बघा, आणि रेडिएटर कॅपचा रबर बघा, ती दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांनाही उकळत नाही, दाब सुटला की उकळतं. सगळं बदलूनही पाणी कमी होतंय आणि चालू इंजिनवर रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येतायत तर हेड गॅस्केट. गरम कॅप उघडू नका, किमान अर्धा तास थांबा.

प्रश्न: रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून 'ठक'. पुढे निघतानाही एकदा.

उत्तर: प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा युनिव्हर्सल जॉइंट. चाकांना मागेपुढे दगड लावा, गाडी न्यूट्रलला, शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून बघा, क्रॉसच्या टोप्यांजवळ तांबूस भुकटी दिसली तर तिथला ग्रीस कधीच संपलाय. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं सेंटर बेअरिंगही हलवून बघा. खोलायच्या आधी शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर खडूने एकच रेघ ओढा, तशीच जुळवून बसवला नाही तर ठक जाईल आणि थरथर सुरू होईल. क्रॉस ठीक निघाला तर मागच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट आवळून पाहा.