विहिरीचं पाणी तपासायचंय? आधी नायट्रेट बघ

हे बघ भावा, विहिरीचं पाणी तपासायला टीडीएस मीटर घेतलास ते ठीकाय, पण तो पाण्यात एकूण क्षार किती तेवढंच सांगतो, नायट्रेट किती ते नाही. सांगलीच्या वाळव्याकडं सगळा ऊस, युरियाचा मारा, त्याचंच नायट्रेट होऊन पाण्यात झिरपतं, म्हणून विहिरीत पहिलं नायट्रेटच बघायचं, त्याच्या रंग बदलणाऱ्या स्ट्रिपा स्वस्तात मिळतात. मोटर थोडा वेळ चालू दे, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळ, मग स्ट्रिप बुडव आणि डब्यावर दिलेल्या वेळेलाच रंग जुळव, उशीर झाला की रंग चढत जातो, आणि हे दिवसाउजेडी सावलीत कर, पिवळ्या बल्बखाली गुलाबी छटा कळतच नाहीत.

आता खरं महत्त्वाचं, डब्यावरचा आकडा नायट्रेटचा की नायट्रेट-नायट्रोजनचा (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा) ते नीट वाच, नायट्रोजनचा असेल तर ४.४ नं गुणायचं. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, लोक १० बघून निवांत बसतात आणि ते असतं ४४! जास्त आलं तर उकळून काही होत नाही, पाणी आटतं नि नायट्रेट उलट वाढतं. नायट्रेटचा धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला सगळ्यात जास्त, घरात तसं बाळ असेल तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका, त्याचं पाणी आजच बदला. लॅबला द्यायची बाटली बर्फात ठेवून ने.