मॅक्रो फोटोग्राफीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी सावंतवाडीत एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. हातात ३८,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ११,०००, घरखर्च २२,०००. मुलगी दोन वर्षांची. पत्नीच्या आणि माझ्या नावावर ३ लाखांची एफडी आहे, बाकी बचत नाही. मला कीटक-बेडकांच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे करून काढलेल्या फोटोंचं वेड आहे. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, १०० एमएम मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश मिळून २.४ लाख होतात. निम्मे एफडीतून, निम्मे बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर असा विचार आहे. फोटो ऑनलाइन विकून आणि पावसाळ्यात आंबोलीत वर्कशॉप घेऊन पैसे वसूल होतील. सध्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० लेन्स आहेत.

उत्तर: हप्ता तुमच्या पगारात बसत नाही. महिन्याला उरतात ५,००० आणि ईएमआय होईल १०,०००. कमी पडणारे पाच हजारही वर्षभर एफडीतूनच काढाल, म्हणजे ३ लाखांचे १.२ लाख उरतील. तुमचा सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासकट १.९८ लाख आहे. तेवढ्या रकमेला हात लावू नका. 'नो-कॉस्ट' हे नावापुरतंच: हप्त्यात आत धरलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, बहुधा प्रोसेसिंग फीही, आणि रोखीत मिळाली असती ती सूट जाते ती वेगळीच.

कमाईचं गणित तर आणखी कच्चं आहे. फोटो विकणाऱ्या शटरस्टॉक या संकेतस्थळाने जून २०२० पासून तळाच्या पातळीवरच्या फोटोग्राफरला एका डाउनलोडमागे कमीत कमी १० सेंट ठेवले, म्हणजे साधारण ९ रुपये. या दराने २.४ लाख सुटायला २६ हजारांवर डाउनलोड हवेत. आंबोलीत वर्कशॉप आधीपासून होतात, आणि लोक पैसे देतात ते बेडूक शोधून देणाऱ्या, त्यांना न चिरडता जवळ नेणाऱ्या माणसाला. तिथला आंबोली टोड हा बेडूक फक्त त्याच परिसरात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त आहे. पंधरा जणांचा घोळका कातळावर फिरवणं हा धंदा म्हणूनही मला पटत नाही. तेव्हा कमाईची बाजू सध्या शून्य धरा. छंदावर खर्च करायला कमाईची सबब लागत नाही, फक्त तो खर्च छंदाच्या मापाचा हवा.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण खरे पैसे तिथेच वाचतात. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, फुल-फ्रेमच्या चौकटीत ३६ × २४ मिमीचा भाग येतो, क्रॉप सेन्सरवर साधारण २२ × १५. म्हणजे त्याच लेन्सने तुमची मुंगी जुन्या कॅमेऱ्यात चौकट जास्त भरते. नव्या बॉडीने (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याने) अंधारात फोटो स्वच्छ येतील हे खरं, पण मॅक्रोत उजेड फ्लॅशचाच असतो. एफ/११ लासुद्धा, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करूनही, १:१ वर जेमतेम मिलिमीटरभर भाग फोकसमध्ये राहतो. तिथे कामाला येतो तो स्थिर हात. शिवाय बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते, चांगली लेन्स त्यामानाने भाव टिकवते. बॉडी यादीतून काढाच.

तुमच्या ५५-२५० वर ८ डायॉप्टर ताकदीची क्लोज-अप लेन्स, म्हणजे पुढे बसवायचं भिंग, लावा. २५० एमएमला, फोकस अनंतावर ठेवून, ती जवळपास दुप्पट मॅग्निफिकेशन देते, म्हणजे मॅक्रो लेन्सच्या १:१ पेक्षाही जास्त. अडचण एकच, किड्यापासून १२ सेंमीवर जावं लागतं आणि चतुर तेवढं जवळ येऊ देत नाही. सोबत साधा फ्लॅश आणि घरी केलेला डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा. हे सगळं पंधरा हजारांच्या आसपास बसावं: तीन महिन्यांची बचत, एफडी शाबूत. तोवर मोहरी, काडेपेटीचं गुल, पाच रुपयांचं नाणं यांवर हात बसवा.

वर्षभराने वेड टिकलं तर वापरलेली मॅक्रो लेन्स घ्या, तीही साठवलेल्या पैशांतून. घेताना आरपार टॉर्च मारून बुरशी तपासा. कोकणच्या दमटपणात ती तुमच्याकडेही धरेल, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल आजच आणा.

आणखी एक. गृहकर्ज आहे, मुलगी लहान आहे, तरी पत्रात टर्म विम्याचा उल्लेख नाही. नसेल तर पहिले पाच हजार तिकडे वळवा, क्लोज-अप लेन्स महिनाभर थांबेल. आणि एफडी दोघांची आहे, तेव्हा हे उत्तर पत्नीलाही वाचायला द्या.