वाचकांचे प्रश्न : महायुद्धातला पासपोर्ट

प्रश्न : १९१८ मध्ये स्वराज्याची मागणी मांडायला विलायतेला निघालेल्या लोकमान्य टिळकांच्या होमरूल शिष्टमंडळाचे पासपोर्ट कोलंबोला रद्द झाले, असे वाचले. आमचे पणजोबा मात्र १९१० च्या सुमारास पासपोर्टाशिवाय लंडनला गेल्याचे घरात सांगतात. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे असू शकते. १९१४ पूर्वी रशिया आणि तुर्कस्तान सोडले, तर युरोपात पासपोर्ट फारसा कोणी विचारत नसे. पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. कार्ल लोडी हा जर्मन हेर दुसऱ्याच्या अमेरिकन पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरत होता. त्यावर फोटो नव्हता, मग पकडणार कसे? अखेर तो सापडला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या. पुढे फोटो सक्तीचा झाला. हिंदुस्थानात भारत संरक्षण कायद्याखालील १९१७ च्या नियमांनी समुद्रमार्गे जाण्यायेण्यास पासपोर्ट लागू लागला. युद्ध संपले तरी सरकारने ही लगाम सोडली नाही; देशात येणाऱ्यांवर पासपोर्टची सक्ती करण्याचा अधिकार १९२० च्या कायद्याने हाती ठेवला.

पासपोर्ट हा हक्क नव्हता, परवानगी होती; दिलेली काढूनही घेता येई. होमरूल शिष्टमंडळ कोलंबोहून परतले ते यामुळेच. १९१८ मध्येच पुढे, व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळकांना पासपोर्ट मिळाला, पण राजकीय भाषणे न करण्याच्या अटीवर.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत १९१६ चा घडीचा ब्रिटिश पासपोर्ट सापडला. उघडताना घडीवर फाटतोय.

उत्तर : तिथेच थांबा. तो एकच कागद घड्या घालून आठ पदरी केलेला आणि पुठ्ठ्याच्या आवरणात बसवलेला असतो. घडीवरचे कागदाचे तंतू तुटलेले असतात, म्हणून जोर दिला की तिथेच चीर जाते. सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. जेवढे सहज उघडते तेवढ्याचे फोटो घ्या, बाकीचे कागद-संवर्धन करणाऱ्याकडे सोपवा. वाचताना आधी मुदत पाहा : मूळची दोन वर्षांचीच. चेहऱ्याची ठेवण, वर्ण असे वर्णनही असते. शिक्क्यांच्या तारखा क्रमाने लावल्या की प्रवासाचा मार्ग उलगडतो.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेले होते. त्यांचा पासपोर्ट कुठे शोधावा?

उत्तर : शोधू नका. शिपाई लष्करी हुकमावर, लष्कराच्या बोटीने जात. त्यांचा माग काढायला घरात त्यांचे युद्धपदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा तिथेच कोरलेली सापडेल. पदकाला पॉलिश मात्र लावू नका, अक्षरे झिजतात.